आजारपणानंतर छंदाकडे परतताना: हातातली ताकद आणि घरातलं मांजर

आजारातून उठलेला माणूस मोठ्या हौसेनं लोकर किंवा रंगपेटी बाहेर काढतो आणि आठ-दहा दिवसांत ते सगळं पुन्हा कपाटात जातं. आवड गेलेली नसते, मापात गडबड झालेली असते. पूर्वी सलग दोन तास बसता यायचं म्हणून पहिल्याच दिवशी दोन तास बसलं जातं, पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात आणि ‘हे आता आपल्याला जमणार नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. घरात मांजर असेल तर त्याचंही बिनसलेलं असतं. माणूस बरेच दिवस दिसला नाही, परत आला तो औषधांचा वास घेऊन, आणि मधल्या काळात खाण्याच्या वेळाही हलल्या.

या दोन्ही गोष्टींना एकच शिस्त लागते: छोटी बैठक, ठरलेली वेळ आणि दमण्याआधी थांबणं. मांजराचा दिवस मुळातच अशा छोट्या तुकड्यांचा असतो, म्हणून त्याच्या दिनक्रमाला आपली बैठक जोडणं सोपं जातं. पण आधी ताकदीचा हिशेब समजून घ्यायला हवा.

थकवा उशिरा का येतो

पडून राहिल्यावर स्नायू फार लवकर झिजतात, उतारवयात तर आणखी लवकर. विणताना किंवा चित्र काढताना बोटं दमतील असं वाटतं, पण अनेकदा आधी खांदे आणि मान दमतात, कारण दोन्ही हात अधांतरी तोलून धरण्याचं काम त्यांच्याकडे असतं. शिवाय टाके मोजणं, नमुना वाचून लक्षात ठेवणं, रंग निवडणं हे डोक्याचं काम आहे. आजारानंतर तेही तितकंच दमवतं, आणि बसल्या जागी केलेल्या कामानं कोणी दमत नाही या समजुतीपायी त्याकडे दुर्लक्ष होतं.

काही आजारांत श्रमाचा फटका लगेच बसत नाही. लाँग कोविड (कोविडनंतर महिनोन्महिने रेंगाळणारा त्रास) आणि एमई/सीएफएस या दीर्घ थकव्याच्या आजारात तो बहुधा १२ ते ४८ तासांनी बसतो आणि कित्येक दिवस टिकू शकतो. त्यामुळे ‘काम करताना तर छान वाटत होतं’ हा पुरावा धरता येत नाही. खरं उत्तर परवा मिळतं.

म्हणून सुरुवातीचं माप असं काढायचं. एक सोपं, ओळखीचं काम घ्या आणि घड्याळ समोर ठेवा. पहिली खूण कधी दिसते ते लिहून ठेवा: खांदा जड होणं, एकच ओळ दोनदा वाचावी लागणं, पेन्सिलवरची पकड नकळत आवळणं, उगाच चिडचिड. ही खूण २० मिनिटांनी आली तर तुमची बैठक १० मिनिटांची. पुढचे दोन दिवस त्रास वाढला नाही, तर आठवडाभर तेवढीच ठेवा आणि मग दोन-तीन मिनिटं वाढवा. त्रास वाढला तर निम्मी करा. गजर लावायचाच, कारण कामात रमलेल्या माणसाला थकवा जाणवत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान बऱ्या दिवशी होतं. आज हुशारी वाटते म्हणून राहिलेली बाही आजच पुरी करायची, हा मोह टाळायचा. बऱ्या दिवशीही गजर वाजला की सुई खाली.

एक अपवाद नीट लक्षात ठेवा. श्रमानंतर ज्यांचा आजार बळावतो त्यांनी वेळापत्रक आखून दर आठवड्याला वाढ करण्याचा हट्ट धरू नये. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या नाइस या संस्थेनं २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत एमई/सीएफएससाठी टप्प्याटप्प्यानं व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार काढून टाकला आणि आपल्या मर्यादेच्या आत राहण्यावर भर दिला. छंदालाही हाच नियम लावणं शहाणपणाचं. मर्यादा हळूहळू रुंदावली तर ठीक, नाही तर आहे तेवढ्यात रमायचं.

गाणाऱ्यांची अडचण श्वासाची असते. कोविडनंतर धाप लागणाऱ्यांसाठी २०२० मध्ये इंग्लिश नॅशनल ऑपेरानं लंडनमधल्या डॉक्टरांबरोबर गाण्यातून श्वास सुधारण्याचा कार्यक्रम सुरू केला, आणि त्याच्या चाचणीचे चांगले निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. घरच्या घरी सुरुवात करताना खुर्चीत टेकून बसा, ओळीचे छोटे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यानंतर श्वास पूर्ण खाली बसू द्या. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर तिथेच थांबून डॉक्टरांशी बोला.

साहित्य शरीराच्या सोयीनं

चित्रकार आंरी मातीस यांच्यावर १९४१ मध्ये पोटातल्या कर्करोगासाठी मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांचा बराच काळ अंथरुणात आणि चाकाच्या खुर्चीत गेला. ईझलसमोर उभं राहणं जमेना, तेव्हा त्यांनी मदतनिसांकडून कागद रंगवून घेतले आणि बसल्या जागी कात्रीनं आकार कापायला सुरुवात केली. भिंतीवर रेखाटायचं असेल तेव्हा लांब काठीच्या टोकाला कोळसा बांधला. त्यांच्या घरात मांजरंही होती. शिकण्यासारखी गोष्ट ही की त्यांनी शरीराला जुन्या साधनाकडे ओढत नेलं नाही, साधनच बदललं.

विणकाम दोन लांब सरळ सुयांवर असेल तर तयार होत जाणाऱ्या कापडाचं वजन मनगटांवर येतं. गोल सुईवर, म्हणजे मध्ये लवचीक दोरी असलेल्या सुईवर, तेच वजन मांडीवर विसावतं. क्रोशासाठी ५ मिलिमीटरची जाड मुठीची सुई आणि मध्यम जाडीची, गुळगुळीत, फिक्या रंगाची लोकर घ्या. गडद किंवा केसाळ लोकरीत टाके दिसत नाहीत आणि डोळे आधी दमतात. पहिलं काम स्वेटरचं नको, १० सेंटिमीटरचा चौकोन पुरे. तो दोन-तीन बैठकांत संपतो आणि अर्धवट राहिला तरी बिघडत नाही. भरतकामाची रिंग हातात धरून ठेवण्यापेक्षा स्टँडवर लावा. क्रॉस स्टिचसाठी एका इंचात १४ घरांऐवजी ११ घरांचं कापड घ्या. पेन्सिल २बी ऐवजी ६बी घेतली की कमी दाबात गडद रेघ उमटते आणि बोटांवरचा ताण उतरतो. पेन्सिलवर, ब्रशवर फोमची नळी चढवली तर पकड जाड होते.

कोपर टेबलावर किंवा उशीवर टेकलेले, पाय जमिनीवर सपाट, उजेड ज्या हातानं काम करता त्याच्या विरुद्ध बाजूनं. उभं राहून करायचं जे जे काम बसून करता येईल ते बसूनच करा. ताप येऊन गेलेल्या, रक्तदाब खाली जाणाऱ्या माणसाची बरीच ताकद नुसत्या उभं राहण्यात जाते.

आठवण दगा देत असेल तर तिच्यावर भिस्त ठेवू नका. बैठक संपताना पुढची पायरी काय आहे ते एका चिठ्ठीवर लिहा: ‘ओळ १२, उजवी बाजू, निळा धागा’. उद्याची पहिली पाच मिनिटं मग शोधाशोधीत जात नाहीत, आणि दहा मिनिटांच्या बैठकीत पाच मिनिटं म्हणजे फार झालं.

काही केमोथेरपीच्या औषधांनी बोटांची टोकं बधिर होतात. अशा वेळी टोकदार सुई, कटर आणि गरम गोंदाची बंदूक बाजूलाच ठेवा. बोथट टोकाची जाड सुई, माती, पेस्टल यांनी सुरुवात करा. बधिर बोटांतून सुई निसटली तर कळतही नाही, आणि घरात मांजर असताना खाली पडलेली सुई ही गंभीर बाब आहे. त्याबद्दल पुढे येतंच.

मांजराशी पुन्हा ओळख

इस्पितळातून आल्यावर मांजर फिस्कारलं किंवा पलंगाखाली गेलं तर मनाला लागतं. पण मांजर माणूस ओळखतं त्यात वासाचा वाटा मोठा असतो, आणि जंतुनाशक, औषधं, नवा साबण यांनी तुमचा नेहमीचा वास झाकलेला असतो. अंगावर वापरलेला, न धुतलेला जुना कपडा त्याच्या झोपायच्या जागी ठेवा. त्याच्याकडे जाऊ नका, उचलून तर अजिबात घेऊ नका. झुरिचमधले अभ्यासक डेनिस टर्नर यांच्या निरीक्षणांत, मांजरानं स्वतः पुढाकार घेऊन सुरू केलेली जवळीक माणसानं सुरू केलेल्या जवळिकीपेक्षा जास्त वेळ टिकते असं दिसलं. ज्याला फार हालचाल करता येत नाही अशा माणसासाठी ही चांगलीच बातमी आहे. तुम्ही एका जागी शांत बसून हातानं काहीतरी करत आहात, यापेक्षा मांजराला सोयीचं दुसरं काही नसतं.

ते मीटरभर अंतरावर येऊन बसलं की त्याच्याकडे टक लावून पाहू नका. मान थोडी तिरकी ठेवून डोळे अर्धवट मिटा, मग सावकाश पूर्ण मिटून एक-दोन सेकंदांनी उघडा. ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की माणसानं असे सावकाश डोळे मिटले तर मांजरंही तसंच उत्तर देण्याचं प्रमाण वाढतं, आणि अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताकडे ती अधिक येतात.

जवळ आलं की एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर धरा. त्यानं गाल घासला तर गालावर, हनुवटीखाली, कानांच्या बुडाशी तीन सेकंद हात फिरवा आणि थांबा. परत डोकं खुपसलं तर पुढे चालू ठेवा. शेपटी आपटणं, कान मागे वळणं, पाठीची कातडी थरथरणं ही ‘आता पुरे’ची भाषा. पोट आणि शेपटीचं बूड या जागा बहुतेक मांजरांना नकोशा असतात. घुरघुर ऐकून मात्र निर्धास्त होऊ नका, दुखत असतानाही मांजर घुरघुरतं.

पोटाची किंवा हृदयाची शस्त्रक्रिया झाली असेल तर वजन उचलण्यावर बंधन असतं. मोठ्या मांजराचं वजन सहज चार-पाच किलो भरतं, म्हणजे अनेकदा त्या मर्यादेच्या काठावर किंवा पलीकडे. त्याला वर यायला पलंगाशी स्टूल किंवा पायरी ठेवा. झोपताना टाक्यांवर एक घट्ट उशी ठेवा, म्हणजे अचानक उडी आली तरी मार उशीवर बसेल.

माणसाच्या आजारपणात मांजरही ताणाखाली येतं. २४ तासांहून अधिक काळ त्यानं काहीच खाल्लं नाही तर पशुवैद्याला फोन करा, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचून आजार गंभीर होऊ शकतो. बोका पुन्हा पुन्हा शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर एक तासही थांबायचं नाही.

आधी खेळ, मग खाणं, मग काम

‘मी बसलो की मांजर कागदावर येऊन बसतं’ या तक्रारीला साधं कारण आहे. तिथे तुमचा वास आहे, दिव्याची ऊब आहे आणि तुमचं लक्ष आहे. मांजराला अंग गरम ठेवायला जादा ताकद खर्च करावी लागत नाही असं तापमान साधारण ३० ते ३८ अंश सेल्सिअस असतं. आपल्याला ते उकाड्याचं वाटतं, म्हणून दिव्याखालची जागा आपण सोडली तरी ते सोडत नाही.

शिकारी प्राण्याचा क्रम ठरलेला असतो: दबा धरणं, झडप, खाणं, अंग चाटणं, झोप. बैठकीच्या आधी हा क्रम पुरा करून घ्या. काठीला बांधलेलं पीस किंवा कापडी उंदीर खुर्चीत बसूनच पाच-सात मिनिटं फिरवा. तोंडासमोर नाचवू नका. भक्ष्य पळतं तसं त्याच्यापासून दूर, पायपुसण्याच्या कडेखालून, खुर्चीच्या पायामागून सरकवा. शेवटी त्याला ते पकडू द्या आणि लगेच थोडं खायला द्या. खाऊन, चाटून मांजर आडवं होतं, आणि तिथे तुमची दहा मिनिटं सुरू होतात. लेझरचा ठिपका वापरत असाल तर शेवट पकडता येईल अशा वस्तूवर करा. हाती काहीच न लागलेलं मांजर चिडचिडं राहतं आणि तुमच्या लोकरीवर येतं. हात इतका दमत असेल की काठीही धरवत नाही, तर ती कोपर टेकवून नुसत्या मनगटानं हलवा. तेही जमलं नाही तर कोरड्या खाण्याचे दाणे एकेक करून लांब घरंगळवा.

आता जागा. काम न करणाऱ्या हाताच्या बाजूला, हातभर अंतरावर, टेबलाच्याच उंचीचं एक खोकं ठेवा आणि त्यात तुमचा जुना शर्ट घाला. मांजर त्यात गेलं की अर्ध्या वाटाण्याएवढा खाऊ तिथेच ठेवा. पहिल्या दिवशी दर काही सेकंदांनी, मग हळूहळू अंतर वाढवत. ही तालीम दोन-तीन मिनिटांची, दिवसातून एक-दोनदा, आणि कामाच्या बैठकीपासून वेगळी. ते कामावर चढलं तर ओरडणं, समजावणं, उचलून खाली ठेवणं हे सगळं त्याला लक्ष मिळाल्यासारखं वाटतं आणि सवय पक्की होते. काम झाका, हात थांबवा आणि खोक्यावर बोट टेकवा. ते तिकडे गेलं की तिथेच खाऊ. आठवडाभर एखाद्या बैठकीची वेळ यातच गेली तरी चालेल. घरातल्या इतरांनीही हाच नियम पाळायला हवा, नाहीतर शिकवलेलं पुसलं जातं.

टेबलावरचे खरे धोके

धाग्याशी खेळणाऱ्या मांजराचं चित्र गोड दिसतं, पण पशुवैद्यांच्या टेबलावर ते गोड नसतं. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेनं वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला धागा त्याला सहज थुंकता येत नाही आणि तो गिळला जातो. मग धाग्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठरातून आतड्यात जाणाऱ्या तोंडाशी अडकतं आणि दुसरं आतड्यात पुढे जातं. आतडं त्याच धाग्यावर गोळा होत जातं आणि ताणलेला धागा त्याला आतून कापू शकतो. उलट्या, खाणं बंद, लपून बसणं ही लक्षणं. तोंडातून किंवा शेपटीखालून धागा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढू नका. तसंच पशुवैद्याकडे न्या.

म्हणून बैठकीचं शेवटचं मिनिट आवरण्यासाठी राखून ठेवा, आणि ते दहा मिनिटांतच धरा. थकलेला माणूस ‘नंतर आवरू’ म्हणतो आणि झोपी जातो. सुया मोजून लोहचुंबकाच्या डबीत, कापलेली टोकं झाकणाच्या बरणीत, लोकर चेन असलेल्या पिशवीत. दोरी असलेलं खेळणंसुद्धा कपाटात.

मांजराच्या अंगावर जे सांडतं ते चाटल्यानं पोटात जातं. जलरंगाचं पाणी झाकणाच्या भांड्यात ठेवा, कारण कॅडमियम आणि कोबाल्टचे रंग विषारी असतात आणि मांजराला कोणत्याही भांड्यातलं पाणी प्यायची खोड असते. तैलरंगांचं टर्पेंटाइन तुमच्या नाजूक फुप्फुसांनाही त्रासाचं, म्हणून निदान सुरुवातीचे महिने ते नकोच. पंजाला रंग लागला तर मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळा, म्हणजे चाटता येणार नाही, आणि भांड्यांच्या सौम्य साबणानं कोमट पाण्यात धुवा. थिनर किंवा टर्पेंटाइननं पुसू नका. खोलीत सुगंधी तेलांचा डिफ्यूझरही लावू नका, कारण त्यातली अनेक रसायनं मांजराच्या यकृताला नीट मोडता येत नाहीत.

याच कारणानं पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आजारी माणसाच्या उशाशी ती हमखास असते, तेव्हा गोळ्या झाकणाच्या डब्यात ठेवा आणि खाली पडलेली गोळी लगेच शोधा. दुखऱ्या हातावर चोळायच्या काही मलमांत फ्लर्बिप्रोफेन असतं, त्वचेच्या काही मलमांत फ्लुरोयुरॅसिल. दोन्ही मांजराला जीवघेणी ठरू शकतात. मलम लावलेला हात त्याला चाटू देऊ नका, आणि पर्याय आहे का ते डॉक्टरांना विचारा. प्रकृतीची विचारपूस करायला आलेल्यांच्या पुष्पगुच्छात लिली असेल तर तो घरात ठेवूच नका. पान, फूल, पराग आणि फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतं. चाटल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नका, पहिल्या काही तासांतल्या उपचाराला फार महत्त्व आहे.

ओरखडा, चावा आणि ट्रे

केमोथेरपी चालू असेल, अवयव प्रत्यारोपण झालं असेल किंवा स्टेरॉइड मोठ्या प्रमाणात घेत असाल, तर मांजराबद्दल आपल्या डॉक्टरांशी आधीच बोला. बहुतेक वेळा मांजर घराबाहेर काढावं लागत नाही, काळजी वाढवावी लागते. मांजराच्या विष्ठेतला टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्गजन्य होतो, म्हणून ट्रे रोज साफ व्हायला हवा, आणि तोही शक्यतो दुसऱ्या कुणी. स्वतःच करावं लागलं तर हातमोजे, आणि नंतर साबणानं हात. कच्चं मांस खायला देऊ नका. पिसवांचं औषध वेळेवर द्या, कारण मांजराच्या ओरखड्यातून होणाऱ्या तापाचे जंतू पिसवांमार्फत मांजरांमध्ये पसरतात. नखं नियमित कापलेली असू द्या. काखेतल्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या असतील तर त्या हाताला ओरखडाही नको, मांजराचं खोकं दुसऱ्या बाजूला हलवा.

चाव्याचं छिद्र बारीक दिसतं पण दात खोल गेलेला असतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लाली आणि सूज अनेकदा २४ तासांच्या आत येते. मांजराचं रेबीजचं लसीकरण झालेलं नसेल किंवा ते बाहेर फिरणारं असेल तर तेही लगेच सांगा.

काही दिवस दोन्ही हात वर उचलतच नाहीत. त्या दिवशी लोकर काढू नका. खाऊची डबी उशाशी घेऊन चार दाणे घरंगळवलेत तरी मांजराचा क्रम तुटत नाही आणि दुसऱ्या दिवशी ते तुमच्या वेळेला हजर असतं. अशा दिवसानंतरची पहिली बैठक मात्र नेहमीच्या निम्म्या वेळेची ठेवा आणि पुन्हा ४८ तास वाट पाहा.